'रेफर्ड' नियतकालिकांचे दिवस

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या प्राध्यापक मित्रांत दोन तट पडले. एका तटाला सुटल्यासारखे वाटले, तर दुसऱ्याला उघड्यावर पडल्यासारखे. निबंध कुठे पाठवावा हे सांगणारी यादीच गेली, आता खरे-खोटे ओळखायचे कसे, असा या दुसऱ्या तटाचा प्रश्न. आम्ही दोघे गेली अठरा-वीस वर्षे महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि आम्हांला हे दोन्ही तट सारखेच चुकीचे वाटतात. यादी होती तेव्हाही आपल्या विषयातले बहुतेक शोधनिबंध छापण्यापूर्वी कुणी वाचत नव्हते आणि यादी गेल्यावरही वाचत नाही. यादी हा प्रश्न नव्हताच. (ज्या बैठकीत ही यादी थांबवण्याचा निर्णय झाला ती ३ ऑक्टोबर २०२४ची. त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे कुठल्या गोष्टीचे वाटायचे हे मात्र आम्हांला पक्के ठाऊक होते.)

आधी एका शब्दाविषयी. कोणत्याही 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' नियतकालिकाचे मुखपृष्ठ पाहा. त्यावर रोमन लिपीत ठळकपणे 'पीअर रिव्ह्यूड अँड रेफर्ड जर्नल' असे छापलेले असते. म्हणायचे असते 'रेफरीड', म्हणजे पंचांनी तपासलेले. छापले जाते 'रेफर्ड'. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना ज्याचे काही कळत नाही असा रुग्ण जिल्ह्याला रेफर करतात, त्यातला हा शब्द. मुद्रणदोष म्हणून सोडून द्यावे तर तो शेकडो मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षे तसाच आहे. तो कुणाच्या लक्षात आला नाही याचा अर्थ मुखपृष्ठही कुणी तपासत नाही. मग आतल्या पानांची गोष्टच नको. आणि खरे सांगायचे तर हा चुकीचा शब्दच वस्तुस्थितीचे अचूक वर्णन करतो. निबंध लेखकाकडून संपादकाकडे, संपादकाकडून अक्षरजुळणी करणाऱ्याकडे आणि तिथून छापखान्याकडे 'रेफर' होत जातो. वाटेत त्याला कुणीही हात लावत नाही.

ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. एखाद्या महाविद्यालयात एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र ठरते. निमंत्रणपत्रिकेतच लिहिलेले असते की सर्व शोधनिबंध अमुक नियतकालिकाच्या विशेषांकात प्रसिद्ध होतील, नोंदणी शुल्क इतके, प्रकाशन शुल्क वेगळे इतके, पैसे भरल्याची पावती निबंधासोबत जोडावी. निबंध लिहिला जाण्यापूर्वीच त्याचे प्रकाशन निश्चित झालेले असते. अंक चर्चासत्राच्या दिवशी सकाळी उद्घाटनाला तयार असावा लागतो, म्हणजे चर्चासत्रात जी चर्चा व्हायची तिचा निबंधावर परिणाम होण्याचीही सोय नाही. एका अंकात सोयाबीनवरची कीड, वस्तू व सेवा कर आणि केशवसुतांची कविता शेजारीशेजारी सुखाने नांदतात. परीक्षक मंडळात पंचवीस नावे असतात. त्यांतल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना आम्ही विचारले, तर आपले नाव त्या मंडळात आहे हे त्यांना आमच्याकडूनच कळले.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने रात्री निबंध पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वीकृतिपत्र आले. त्यात लिहिले होते की दोन तज्ज्ञांनी आपला निबंध अभ्यासला असून तो प्रकाशनास योग्य आढळला आहे. निबंध बावीस पानांचा होता. दोन तज्ज्ञांनी एका सकाळी तो वाचून, टिपणे काढून एकमताने मान्य केला, यावर ज्याचा विश्वास बसतो त्याने खुशाल बसवावा.

अंकाला आयएसएसएन आहे, असे यावर उत्तर मिळते. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवण्यासाठी असतो. त्याच्या मजकुराच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. मोटारीला क्रमांकाची पाटी आहे यावरून चालकाला गाडी चालवता येते असे कुणी म्हणत नाही. तीच गत 'इम्पॅक्ट फॅक्टर'ची. एखाद्या नियतकालिकातील लेखांचे पुढच्या दोनेक वर्षांत सरासरी किती वेळा संदर्भ दिले गेले, याचा तो हिशेब. मराठीत कुणाच्या निबंधाचा कुणी संदर्भ दिला याची मोजणी करणारी यंत्रणाच नसताना मुखपृष्ठावर सात पूर्णांक काही दशांश हा आकडा कुठून येतो, हे त्या संपादकांनाच ठाऊक.

हे सारे कसे घडत गेले त्याचा इतिहास फार जुना नाही. २०१०च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकपद्धती आणली आणि निबंधाचे गुण झाले. २०१६च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले (ही सक्ती २०२२मध्ये गेली, सवय गेली नाही). जानेवारी २०१७मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, मे २०१८मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे वगळली, २०१९मध्ये 'केअर' यादी आली, आता तीही गेली. मधल्या काळात २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पुण्यातील विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी आणि इतरांनी मिळून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनीच शिफारस केलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली. निकषांना उतरली फक्त ११२. शिफारस करणारी विद्यापीठे कोण होती, तर आपणच. मंडळांवर आपण, समित्यांवर आपण. दिल्लीकडे बोट दाखवताना हा तपशील आपण सोयीस्करपणे गाळतो.

गुणांच्या गणितात एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१८च्या नियमावलीत भाषाविषयक शोधनिबंधाला १० गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे एकूण १४. पाच जणांनी लिहिला तर मुख्य लेखकाला ७ आणि उरलेल्या चौघांना प्रत्येकी ३, म्हणजे एकूण १९. प्रयोगशाळेत पाच जण मिळून काम करतात हे आम्हांला समजते. पण मर्ढेकरांच्या एका कवितेवरचा सहा पानी निबंध पाच जणांनी मिळून लिहिला तर कोणी कोणती ओळ वाचली, हे विचारण्याचा हक्क वाचकाला असावा की नाही?

आता निबंधाकडे वळू, कारण खरा बिघाड तिथे आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. समाजशास्त्रांतून उचललेला एक साचा आपण साहित्याच्या निबंधावर बसवला आहे: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनपद्धती, विषय-विवेचन, निष्कर्ष. चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेत हा क्रम दिलेला असतो आणि तो मोडला तर निबंध परत येतो. (परत येण्याचे हे एकमेव कारण.) मग लेखक लिहितो: उद्दिष्ट, शंकर पाटील यांच्या कथांतील ग्रामीण जीवनाचा शोध घेणे. गृहीतक, शंकर पाटील यांच्या कथांत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते. पद्धती, वर्णनात्मक व विश्लेषणात्मक. त्यानंतर चार पाने कथांचा सारांश. निष्कर्ष, शंकर पाटील यांच्या कथांत ग्रामीण जीवनाचे चित्रण आढळते. या वर्तुळाला आपण संशोधन म्हणतो. वास्तविक ज्याला तपासून पाहायचे त्या तात्पुरत्या विधानाला गृहीतक म्हणणेच चूक आहे. गृहीतक म्हणजे जे आधीच मान्य करून चालतो ते. पण आमच्या निबंधांत हाही शब्द 'रेफर्ड'प्रमाणे नकळत खरे बोलतो. निष्कर्ष खरोखरच गृहीत धरलेला असतो.

साच्यात एका गोष्टीला मात्र जागा नाही, ती म्हणजे पूर्वपक्ष. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम मांडायचे, तेही प्रतिपक्षाने 'होय, हेच माझे म्हणणे' असे कबूल करावे इतक्या प्रामाणिकपणे, आणि मग त्याचे खंडन करायचे. आपल्या शोधनिबंधांत आपल्याआधी या विषयावर कुणी काय म्हटले आणि त्यातले आपल्याला काय पटत नाही, हे शोधून सापडत नाही. संदर्भसूचीत पंधरा पुस्तके असतात, वाद मात्र एकाशीही नसतो. ज्या निबंधाचा कुणाशीच मतभेद नाही तो परीक्षकाकडे पाठवून तरी परीक्षकाने काय करावे?

आणि परीक्षकाने काय करायचे असते, याचीही आपल्याकडे कल्पना उरलेली नाही. ती काही गूढ गोष्ट नव्हे. एक साधे उदाहरण घेऊ. तुकोबांवरच्या निबंधात संदर्भ असतो: 'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक'. कोणती गाथा? शंकर पांडुरंग पंडितांनी सिद्ध केलेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा १८६९ आणि १८७३मध्ये दोन भागांत निघाली, तिच्यात ४,६०७ अभंग आहेत आणि शासकीय गाथा तिच्यावरच आधारलेली आहे. जोगमहाराजांच्या गाथेचा अनुक्रम वेगळा, इतर सांप्रदायिक गाथांचा आणखी वेगळा. आवृत्तीचे नाव न सांगता दिलेला क्रमांक म्हणजे गाव न सांगता दिलेला घरक्रमांक. लीळाचरित्राचेही तेच: नेने, तुळपुळे, कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रम आणि पाठ सारखे नाहीत. त्याहून गंभीर प्रकार ज्ञानेश्वरीच्या बाबतीत होतो. राजवाड्यांनी १९०९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीतील भाषेचे रूप आणि सांप्रदायिक प्रतींतील रूप यांत पुष्कळ अंतर आहे. असे असता एखादा अभ्यासक सांप्रदायिक प्रत समोर ठेवून तेराव्या शतकातल्या मराठीच्या विभक्तिप्रत्ययांविषयी निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याचे निष्कर्ष तेराव्या शतकाविषयी असतातच असे नाही. ते नंतरच्या लेखनिकांविषयी असू शकतात. हे सांगायला फार मोठा विद्वान लागत नाही. निबंध लक्षपूर्वक वाचणारा आणि दोन पानांचे पत्र लिहिणारा एक माणूस लागतो. तेवढे एक पत्र मिळाले असते तर तो अभ्यासक प्रत बदलून पुन्हा कामाला लागला असता. ते मिळाले नाही. निबंध छापून आला, गुण मिळाले आणि ती चूक आता दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात 'असे सिद्ध झाले आहे' म्हणून फिरते आहे.

इथे आमचे काही मित्र आक्षेप घेतील. त्यांचे म्हणणे असे की तज्ज्ञपरीक्षण ही मुळात परकी आणि विज्ञानाची रीत. मराठीतले मोलाचे संशोधन त्याविना झाले. रा. चिं. ढेरे यांनी आपले बहुतेक काम विद्यापीठीय अध्यापकपदाबाहेर राहून केले. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा ग्रंथ कोणत्या परीक्षक मंडळाने मान्य केला होता? आक्षेप वजनदार आहे. त्यात आम्ही आमच्याकडून भरही घालतो: विज्ञानातही ही रीत समजली जाते तितकी जुनी नाही. 'नेचर'ने बाहेरच्या परीक्षकांकडून तपासणी सक्तीची केली ती १९७३मध्ये. १९३६मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने आपला निबंध न विचारता परीक्षकाला दाखवला म्हणून आइन्स्टाइन रागावले आणि त्यांनी निबंध मागे घेतला. (परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते, हा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही.)

परंतु ढेऱ्यांचे उदाहरण नेमके उलट्या बाजूने साक्ष देते. परीक्षक मंडळ नव्हते, पण तपासणी होती, आणि ती उघड होती. 'विविधज्ञानविस्तारा'पासून मराठी नियतकालिकांत लेखाला उत्तर, उत्तराला प्रत्युत्तर असे खंडन-मंडन चालत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक'मध्ये ज्ञानेश्वर एक नव्हेत, दोन, असा पक्ष मांडला गेला. तो टिकला नाही, पण तो खोडून काढण्यासाठी लोकांना भाषा, काळ, नाथपरंपरा यांचा नव्याने अभ्यास करावा लागला. आज आपल्या विशेषांकातल्या निबंधाला कुणी उत्तर लिहिल्याचे कुणाला आठवते का? आधीची तपासणी नाही आणि नंतरचा वादही नाही, अशी दोन्ही टोके आपण गमावली आहेत. त्यातले एक जुने टोक दाखवून दुसऱ्याची गरज नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण नेहमी 'सत्यकथे'चे देतात. राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रे लिहीत, संहिता पुन्हा पुन्हा लिहून घेत. खरे आहे, आणि त्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. पण १९६९मध्ये लघुनियतकालिकवाल्यांनी 'सत्यकथे'ची होळी केली तीही याच महाराष्ट्रात. एका संपादकाची अभिरुची कितीही उंच असली तरी तिच्या पलीकडच्या लेखनाला दार कोण उघडणार, हा त्या होळीमागचा प्रश्न खोटा नव्हता. संपादकाशी मतभेद असणारा, त्याच्या गोटाबाहेरचा वाचक लेखनाला मिळावा, यासाठीच तर परीक्षक असतो. ही सोय संपादकाच्या सत्तेवर अंकुश म्हणून आहे. आपण तिचे रूपांतर संपादकाच्या जबाबदारीतून सुटण्याच्या वाटेत केले.

आणखी एक आक्षेप व्यवहाराचा आहे. मराठीचे जग लहान. लेखकाचे नाव झाकले तरी शैलीवरून, विषयावरून, कोणत्या विद्यापीठाच्या तळटीपा आहेत त्यावरून माणूस ओळखू येतो. मग 'नाव झाकून परीक्षण' हे नाटक कशाला? मान्य. आम्ही तर म्हणतो हे नाटक सोडूनच द्यावे. परीक्षकाने अहवालाखाली सही करावी आणि संपादकाला योग्य वाटल्यास तो निबंधासोबत छापावा. शिष्याच्या निबंधाला गुरुजींनीच 'उत्तम' म्हणून शेरा मारायचा, हा प्रकार नाव झाकल्याने थांबलेला नाही. नाव छापल्याने थोडा तरी थांबेल. ज्येष्ठांविरुद्ध कोण सही करील, असे विचारतात. पण ज्या विषयात कनिष्ठाला ज्येष्ठाशी लेखी मतभेद नोंदवता येत नाही, तिथे कसली यादी नि कसले गुण?

टंकाचा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. आम्हांला वाटत नाही. आजही अनेक मराठी नियतकालिके निबंध युनिकोडमध्ये नको म्हणतात. श्रीलिपी, कृतिदेव नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेख, १४ आकार. अशा फाइलीतली अक्षरे वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या यंत्राला रोमन चिन्हांचा गोंधळ म्हणून दिसतात. तेव्हा सबंध निबंध दुसऱ्याचा उचलला तरी साम्य शून्याच्या आसपास येते आणि तसे प्रमाणपत्रही मिळते. २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. आपण तर शून्यावर आहोत, जगात सर्वांत मौलिक. दुसरे असे की अशा टंकातून निघालेला अंक महाजालावर ठेवला तरी शोधून सापडत नाही. जो शोधला जात नाही त्याचा पूर्वपक्ष होत नाही. त्याच विषयावर त्याच मथळ्याचे दहा निबंध निघतात, त्यामागे आळस जितका आहे तितकाच हा टंकही आहे.

मराठीच काय, सारे जग या रोगाने ग्रासले आहे, असे समाधान काही जण करून घेतात. २०१३मध्ये 'सायन्स'च्या एका वार्ताहराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला, हे खरे. पण त्याच पाहणीत काही ठिकाणांहून परीक्षकांचे कडक, नेमके शेरेही आले होते. मराठीत असा निबंध पाठवला तर एकाही ठिकाणाहून शेरा येईल का, अशी आमची धास्ती आहे.

यात बळी कुणाचा जातो? आमचा नव्हे. आमची नोकरी कायम, वेतनश्रेणी ठरलेली. आम्ही वर्षाला एक निबंध कमी छापला तर बढती दोन वर्षे लांबेल, इतकेच. बळी जातो तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलामुलींचा. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली, दोन महाविद्यालयांत एसटीने हेलपाटे घालणारी, मानधन महिनोन् महिने अडकलेली ही मंडळी मुलाखतीच्या गुणांसाठी प्रत्येक निबंधाला दीड-दोन हजार मोजतात. त्यांच्यातला एखादा खरोखर काही शोधून काढतो. आमच्या परिचयातल्या एकीने आपल्या तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या वह्या गोळा केल्या, त्यांतल्या पदांचे पाठ छापील गाथांशी ताडून पाहिले आणि पन्नास पानांचा निबंध लिहिला. विशेषांकवाल्यांनी सांगितले, पाच पानांत बसवा, जादा पानाला जादा पैसे. एका जुन्या, मानाच्या त्रैमासिकाला पाठवला. दीड वर्ष झाले, पोच नाही. पैसे घेणारा अठरा तासांत 'हो' म्हणतो आणि न घेणारा अठरा महिन्यांत 'नाही'सुद्धा म्हणत नाही. या दोहोंच्या मधली जागा मराठीत रिकामी आहे, आणि त्या मुलीने पन्नासांची पाच पाने केली.

जुनी त्रैमासिके चालवणाऱ्यांच्या अडचणी आम्हांला ठाऊक आहेत: वर्गणीदार आटलेले, अनुदान तुटपुंजे, संपादक बिनपगारी. परीक्षकालाही मानधन नाही. तरी पोचेचे पत्र आणि तीन महिन्यांत होकार-नकार यांना पैसे लागत नाहीत. आणि परीक्षक कुठून आणायचे, तर राज्यात मराठीचे जे कायम अध्यापक आहेत त्यांनी वर्षाला दोन निबंध वाचून दोन-दोन पानांचा अहवाल लिहिला तरी पुरेल. बढतीच्या गुणांत निबंध लिहिण्याला जागा आहे, तशी दुसऱ्याचा निबंध काळजीपूर्वक वाचण्यालाही द्यावी. विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांना एवढा ठराव करून पुढे पाठवता येईल. बढतीच्या आणि निवडीच्या समित्यांनीही निबंधाच्या छायाप्रतीसोबत परीक्षकाचा अहवाल आणि लेखकाने त्यानंतर केलेले बदल मागावेत. मुखपृष्ठाची आणि अनुक्रमणिकेची छायाप्रत, जी आज फाइलीत लावतात, ती मागू नये.

यापुढे विशेषांकासाठी निबंध मागणाऱ्या प्रत्येक संयोजकाला आम्ही एकच प्रश्न लेखी विचारणार आहोत: अहवाल कोण लिहिणार आणि तो आम्हांला कधी मिळणार? ज्या संपादकांच्या दप्तरी गेल्या पाच वर्षांतले परीक्षकांचे अहवाल असतील त्यांनी ते, हवे तर नावे झाकून, छापावेत. आमच्या निबंधांवर आलेले अहवाल आम्ही द्यायला तयार आहोत. दोघांचे मिळून ते दोन आहेत.